विकलं गेलं की

“डोकं खाली, पाय वर. आणि तोंड घराकडे. घराकडे म्हणजे घराकडे, ब्रोन्या, रस्त्याकडे नव्हे. घर विकलं गेलं की त्याला वर काढायचं, धुवायचं आणि माझ्याकडे आणून द्यायचं. विकलं गेल्याशिवाय हात लावायचा नाही. राहील ना लक्षात, बये?”

फेलाचा हा आवाज ब्रोन्याला नळ सोडला की हटकून ऐकू यायचा. का, ते तिला सांगता आलं नसतं. सिंकवरची खिडकी फेलाच्या घराकडे उघडते म्हणून असेल, किंवा दोघींनी उभा संसार या दोन खिडक्यांत समोरासमोर भांडी घासत काढला म्हणून असेल. मधली बोळ एवढी अरुंद, की माणसानं अंग चोरून जावं. फेलानं कॉफीचं भांडं उचलून दाखवलं की ब्रोन्यानं ॲप्रन सोडायचा, अशी रीत होती. मग फेला घर सोडून लेकीकडे गेली. तिच्या खिडकीवर प्लायवूडची फळी ठोकली गेली, आणि गल्ली अगदीच भकास दिसू नये म्हणून कुठल्याशा मंडळाच्या मुलींनी त्या फळीवर एक खिडकी रंगवली. पांढरा पडदा, पडद्यापुढे लाल जिरॅनियमची कुंडी. खोट्या खिडकीतली खोटी कुंडी. आधी आधी ब्रोन्या तिच्याकडे बघायचीच नाही. नंतर कधी तरी सवय झाली, आणि हल्ली तर उन्हाळ्यात आपल्या कुंडीला पाणी घालताना तिला उगीच अपराध्यासारखं वाटायचं, समोरचीला कोणीच घालत नाही म्हणून. त्या बुधवारी सकाळी तिनं नळ सोडला, मान वर केली, आणि फळी नव्हती, कुंडी नव्हती. कुंडीच्या जागी एक काळा धिप्पाड माणूस उभा राहून उकडलेलं अंडं सोलत होता. दाढी पिकलेली, टोपी मागे सरकवलेली. त्यानं तिला पाहिलं आणि अंड्यासकट हात वर केला. ब्रोन्याचाही हात वर गेला. साबणाचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं तरी हात वरच. आपण कोणाला हात केला, हे तिचं तिलाच कळेना. क्षणभर असं वाटलं की फेला आत कुठे तरी आहे, आणि हा माणूस तिच्या वतीनं खिडकीत आलाय.

कोट चढवून ती बाहेर आली, तेव्हा तो पुढच्या अंगणात लाकडी खुंट्या ठोकत होता. त्यानं टोपी काढली, आपलं नाव लव्हेल म्हणून सांगितलं, तिचं विचारून घेतलं आणि लगेच मिस ब्रोन्या म्हणायला लागला, जसं काही लहानपणापासून तिच्या हातचं खात आलाय. सरकारचा पैसा आलाय, म्हणाला. बँकांनी घेऊन टाकलेली, ओसाड पडलेली घरं दुरुस्त करायची आणि बेताच्या मिळकतीच्या माणसांना परवडतील अशी द्यायची. या गल्लीतलं हे पहिलं. चोरांनी तांब्याचे पाइप नेले होते ते नवे घालायचे, घर तापवायची भट्टी नवी, खिडक्या नव्या, छप्पर नवं. “आणि ही माती सगळी जाणार,” तो म्हणाला. “जुन्या रंगातलं शिसं झिरपलंय हिच्यात. लेकरं मातीत खेळतात, तोंडात बोटं घालतात. उद्या सकाळी यंत्र येईल. हातभर खोल खरवडून ट्रकनं नेऊ, नि नवी ओतू.” खुंट्यांना बांधलेली नारिंगी दोरी पायऱ्यांच्या डावीकडून, लायलॅकच्या झुडपाच्या बुंध्याजवळून गेली होती. ब्रोन्या त्या बुंध्याकडे बघत राहिली. माती कुठे नेऊन टाकणार, असं तिनं विचारलं. लव्हेलनं खांदे उडवले. लांब कुठे तरी, शिशाच्या मातीचा एक वेगळा खड्डा असतो म्हणे. उद्या संत योसेफचा सण, एवढंच ब्रोन्याच्या मनात आलं. उद्याच कसा हा सण आला.

घर विकायला काढलं की संत योसेफला अंगणात उलटा पुरायचा, हे इथल्या पोलिश बायकांना कोणी शिकवावं लागत नाही. सुतार माणूस तो. मरियेला आणि बाळाला डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून दारोदार हिंडलेला. उलटा पुरला की अवघडतो, आणि सुटका व्हावी म्हणून, तोंड ज्या घराकडे असेल त्याला गिऱ्हाईक धुंडाळतो. घर विकलं गेलं की त्याला वर काढायचा, नव्या घरात मानाच्या जागी बसवायचा, आणि मगच सामानाच्या पेट्या उघडायच्या. त्याच्याआधी एक चमचासुद्धा बाहेर काढायचा नाही. दुकानात हल्ली प्लास्टिकचे योसेफ मिळतात, पुरण्यासाठीच केलेले. फेलानं ते हातात घेतले आणि ठेवून दिले. “खेळण्याला काय कळतंय घर विकणं,” म्हणाली, आणि आपल्या आईचा, प्लास्टरचा, वीतभर उंचीचा योसेफ कपाटावरून उतरवला. कर्जाचा हप्ता फुगत चालला होता, नवऱ्याचं निवृत्तिवेतन पोलादाच्या कारखान्याबरोबर बुडालं होतं, आणि विकलं तर निदान आपल्या हातानं विकलं असं होईल, एवढाच तिचा हट्ट होता. ते शरदाचे दिवस होते. माती अजून कडक झाली नव्हती. फेलाचे गुडघे वाकत नव्हते म्हणून खड्डा ब्रोन्यानं खणला. फेला पायरीवर बसून सूचना देत होती, डोक्याला रुमाल, हातात जपमाळ. योसेफला तिनं स्वतःच्या एका फुलाफुलांच्या रुमालात गुंडाळलं होतं. गुंडाळलं होतं, हीच तर गोची. ब्रोन्यानं तो गुंडाळलेला ऐवज खड्ड्यात सोडला तेव्हा तोंड कोणत्या बाजूला होतं? तिनं रुमालावरून अंगठ्यानं चाचपून पाहिलं होतं, नाक लागलं होतं. नाक की त्याच्या हातातल्या लिलीच्या फुलाचा दांडा? आणि तेवढ्यात रस्त्यावरून कोणीतरी हाक मारली होती, ती वळली होती, आणि परत वळताना हातातला योसेफही तिच्याबरोबर वळला होता का, हे तिला त्या संध्याकाळपासून आठवत होतं आणि आठवत नव्हतं. पुढच्याच आठवड्यात समोरचं घर विकलं गेलं. रस्त्यापलीकडचं, जिथे कोणी योसेफ पुरला नव्हता ते. नवीन लोक आले, त्यांनी दाराला पिवळा रंग दिला. फेला खिडकीतून म्हणाली, “बघ बाई, त्यांचं नशीब.” तेव्हापासून ते पिवळं दार दिसलं की ब्रोन्या नजर वळवायची, आणि नजर वळवली म्हणून परत तिकडे बघायची.

बुधवार योसेफचा. ब्रोन्या बुधवारी संध्याकाळपर्यंत कोरी कॉफी आणि पावाचा एक तुकडा यावर राहते. आईपासून चालत आलेला नेम, लग्नात मोडला नाही, बाळंतपणात मोडला नाही. पूर्वी ती बुधवारी सकाळी चर्चमध्ये जाऊन त्याच्या पुतळ्यासमोर मेणबत्ती लावायची. मग चर्चच बंद झालं. माणसं उरली नाहीत, असं वरून कळवलं गेलं, आणि एके दिवशी पुतळे घोंगड्यांत गुंडाळून गाडीत चढवले गेले. योसेफ सगळ्यात शेवटी गेला, कारण तो जड होता. त्यानंतर ब्रोन्याला आपल्या चालत्या पायांनी गाठता येईल असा एकच योसेफ उरला, फेलाच्या लायलॅकखाली, उलटा. सकाळी प्रार्थना म्हणताना ती त्या बाजूच्या भिंतीकडे तोंड करून बसायची. आधी वाटायचं, खाली मान घातलेल्या माणसाला प्रार्थना ऐकू जात असेल का. मग वाटायचं, उलट बरीच ऐकू जात असेल, त्याला दुसरं काम काय. पण ती म्हणायची काय? घर विकलं जावं, असं तिच्या तोंडून कधी सरळ निघालं नाही. घर विकलं गेलं तर फेला गेली. घर नाही विकलं गेलं तरी फेला जाणारच होती, आणि गेलीच. “तुझ्या मनात असेल तसं,” एवढंच ती म्हणायची. आता तिला शंका यायची की त्यानं त्याच्या मनातलं केलं, की तिच्या.

विकलं गेलं की. पण विकलं गेलं कधी? शेरीफच्या माणसानं दाराला जप्तीचा कागद चिकटवला आणि बँकेनं घर घेतलं, तेव्हा ब्रोन्यानं फडताळातून खुरपं काढलं होतं. फेलाला लेकीकडे पार्म्याला फोन केला, तर ती तिकडून कडाडली, “बँकेनं घेतलं म्हणजे विकलं काय गं? विकायला दोन माणसं लागतात. ठेव ते खुरपं.” मग बँकेनं ते लांबच्या कुठल्या राज्यातल्या एका माणसाला, दहावीस घरांच्या ढिगात घालून देऊन टाकलं. तो एकदाही बघायला आला नाही. हेही विकणं नव्हे, फेला म्हणाली, न बघता घेतो तो काय गिऱ्हाईक? मग त्या माणसानं कर भरला नाही म्हणून ते सरकारजमा झालं, आणि सरकारनं एका संस्थेच्या हवाली केलं. दर वेळी खुरपं फडताळातून बाहेर यायचं आणि परत आत जायचं. ब्रोन्यानं एकदा फादरना विचारलं, नव्या चर्चच्या, तिकडच्या तरुण फादरना. संतमूर्ती पुरली असेल आणि घर विकण्याऐवजी जप्त झालं असेल, तर वचन सुटतं का? फादर आधी हसले. मग ती हसत नाही हे पाहून थांबले, आणि हा भोळा समज आहे, मूर्ती केव्हाही काढावी, असं मऊ आवाजात म्हणाले. ती हो म्हणाली. बसमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं की फादरनी योसेफबद्दल सांगितलं, वचनाबद्दल काहीच सांगितलं नाही.

आणि फेला तिकडे लेकीच्या तळघरात, पेट्यांच्या भिंतीत. ब्रोन्या पहिल्यांदा भेटायला गेली तेव्हा तिला वाटलं, सामान नुकतंच उतरवलंय. दुसऱ्यांदाही तसंच होतं. खाट, दिवा, एक खुर्ची, आणि छातीपर्यंत रचलेल्या खोक्यांच्या चळती, फेलाच्याच अक्षरात लिहिलेल्या, बशा, पडदे, नाताळ. लेक वैतागून गेली होती. म्हणे मावशी, तुम्हीच सांगा हिला, पाहुण्यासारखी राहते, कागदी कपातून कॉफी पिते, माझ्या घरात काय चमचे नाहीत? फेला शांतपणे म्हणाली होती, “तो येऊ दे. त्याच्या आधी मी काही उघडणार नाही.” लेकीनं डोळे फिरवले. लेकीला ती गंमत वाटत होती, म्हातारीचा हेका. ब्रोन्याला माहीत होतं की हेका नाही. खोकी उघडली की हेच घर. खोकी बंद आहेत तोवर आपण अजून वाटेत आहोत. दर रविवारी फोनवर फेलाचा पहिला प्रश्न तोच, “काय गं, निघाला का तो?” आणि ब्रोन्याचं उत्तर तेच, “अजून नाही.” मग दोघी गुडघ्यांबद्दल बोलायच्या, पिरोगीच्या, त्या उकडलेल्या करंज्यांच्या, पिठात दही घालावं की साय यावर भांडायच्या, कोण गेलं ते एकमेकींना सांगायच्या. पण गेल्या रविवारी फेलानं तो प्रश्न विचारलाच नाही. मग ती म्हणाली, “ब्रोन्या, माझा पिरोगी पाण्यातून काढायचा झारा कोणत्या पेटीत असेल गं? आठवेनासं झालंय.” ब्रोन्याला तरी कुठे आठवत होतं. पण त्या रात्रीपासून तो झारा तिच्या डोक्यात बसला होता. योसेफ निघाला तर फेलाला कळेल की घर गेलं, कायमचं गेलं. नाही निघाला तर ती खोक्यांमध्येच मरेल, नातवंडं ती खोकी तशीच्या तशी फुटपाथवर ठेवतील, नि कोणीही येऊन घेऊन जाईल. यातलं कोणतं वाईट, हे ब्रोन्याला ठरवता येईना. आणि निघाल्यावर रविवारी फोनवर फेलाचं पहिलं वाक्य कोणतं असेल, हा विचार ती मनातून हाकलायची, तो परत यायचा.

दुपारी ती परत बाहेर आली तेव्हा अंगणापुढे एक तरुण बाई उभी होती. इस्पितळात काम करणाऱ्या बायकांचा निळा सदरा, त्यावर जाकीट, पायांत पांढरे बूट. ती पोर्चच्या खांबाला हात लावून बघत होती, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा सपाट हात. लव्हेल आत ठोकाठोक करत होता. बाईनं ब्रोन्याला पाहून हात चटकन काढून घेतला, आणि शेजारी का, असं विचारलं. मग म्हणाली, “कोणाचं हो हे घर?”

“फेलाचं,” ब्रोन्या म्हणाली.

बाईचा चेहरा उतरला. “म्हणजे दिलं का कुणाला? मला तर सांगितलं होतं की माझं नाव लागेल.”

ब्रोन्या गोंधळली. नाही, तसं नाही, फेला पूर्वीची, असं काहीबाही तिनं सांगितलं. पण पूर्वीची म्हणजे काय, हे सांगता सांगता तिचं वाक्य कुठल्या कुठे गेलं. लायलॅक फेलानं लावलेलं. पायरीतला तो खड्डा फेलाच्या नवऱ्यानं बर्फ फोडताना पाडलेला. स्वयंपाकघरातल्या खिडकीची कडी उजवीकडे वळत नाही, डावीकडे वळते, नवी बसवलीत तरी हात आधी डावीकडेच जाईल. ती बाई नीट ऐकत होती. तिनं आपलं नाव डेनिशा म्हणून सांगितलं. तेवढ्यात लव्हेल दारात आला, हाताचा भुसा झटकत. ब्रोन्यानं अखेर त्याला विचारलं. गेली कित्येक वर्षं हा प्रश्न ज्याला त्याला विचारावासा वाटत होता, आणि ज्याला ठाऊक असेल असं माणूस समोर आलं नव्हतं.

“मिस्टर लव्हेल, म्हणजे आता हे घर विकलं गेलं का हो?”

“विकलं?” तो पायरीवर बसला. “नाही, मिस ब्रोन्या. विकायचं नाहीच आहे. संस्थेचंच राहणार. या बाईनं पंधरा वर्षं भाडं भरत राहायचं, घर नीट ठेवायचं, मग तिच्या नावावर. पंधरा वर्षांनी विकलं जाईल म्हणा हवं तर.”

“तोवर?”

“तोवर ते तिचंही नि तिचं नाहीही.” तो हसला. “माझ्या बायकोबद्दल माझी सासू हेच म्हणायची.”

डेनिशा हसली. ब्रोन्याही हसली, पण उशिरा, तोवर ते दोघं हसायचं थांबले होते. पंधरा वर्षं. ती मनातल्या मनात फेलाच्या वयात पंधरा मिळवायला गेली आणि अर्ध्यातच थांबली. म्हणजे हेही विकणं नव्हे. म्हणजे ज्या दिवसासाठी योसेफ खाली डोकं करून थांबलाय, तो दिवस कुठल्याच दारातून येणार नव्हता. तिला एकदम हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याबद्दल भीती वाटली. फेलानं त्या संध्याकाळी दोन गोष्टी एका श्वासात सांगितल्या होत्या. विकलं गेल्याशिवाय काढायचं नाही, आणि माझ्याकडे आणून द्यायचं. दोन्हींना ती एकदाच हो म्हणाली होती. एवढी वर्षं तिला वाटत होतं की हे एकच वचन आहे.

लव्हेलला तिनं सांगितलं, लायलॅकपाशी माझी एक वस्तू आहे, मी काढून घेऊ का. त्यानं फावडं पुढे केलं. तिनं नको म्हटलं आणि फडताळातलं खुरपं आणलं. माती वरून सैल होती, खाली बर्फाची कुसळं होती. वितळत्या मातीचा वास आला, त्यात लोखंडाचा, कारखान्याकडून एके काळी येणाऱ्या त्या जुन्या धुराचा वास मिसळलेला. गुडघे टेकल्यावर स्टॉकिंग भिजले. लव्हेल मुद्दाम आत निघून गेला. डेनिशा मात्र फुटपाथवर थांबून होती, जवळ न येता. ब्रोन्या बोटांनी उकरत होती. आता कळेल, असं तिला वाटत होतं. रुमाल लागला की कडेकडेनं माती काढायची, हलवायचा नाही, आणि आधी बघायचं. घराकडे की पिवळ्या दाराकडे. रुमाल लागला नाही. रुमालाचे फक्त दोरे उरले होते, मुळांत गुंतलेले. मग पायांची चौकोनी बैठक लागली, पांढरी, ओलसर. तिनं चहूकडची माती काढली आणि वाकून पाहिलं.

चेहरा नव्हता. नाक, दाढी, लिलीचा दांडा, कडेवरचं बाळ, सगळं पाण्यानं गिळून टाकलं होतं. साबणाची वापरून संपत आलेली वडी दिसावी तसा तो दिसत होता, सगळ्या बाजूंनी गुळगुळीत, पुढूनही तसाच, मागूनही तसाच. ब्रोन्यानं त्याला हातात घेऊन फिरवून पाहिलं. पुन्हा फिरवलं. कुठे तरी निळ्या झग्याचा एक ठिपका होता, पण तो बरोबर कुशीवर होता. तिला रडू येईल असं वाटलं, आलं नाही. त्याऐवजी तिच्या तोंडून, “काय रे बाबा, काय ही दशा,” असं पोलिश भाषेत निघालं, आई लेकरांना म्हणायची तसं, शाळेतून चिखलात भरून आलेल्या लेकरांना.

“कोण आहे तो?” डेनिशानं लांबूनच विचारलं.

“सुतार,” ब्रोन्या म्हणाली. “या घराचीच राखण करत होता.”

डेनिशानं मान डोलावली, जणू हे ठीकच आहे. आणि मग तिनं विचारलं, आता तो जाणार, तर दुसरा पुरायला लागतो का. असं कोणी विचारेल हे ब्रोन्याच्या ध्यानीमनी नव्हतं. तू आलीस ना राहायला, ती म्हणाली, मग तो वरच लागतो, सरळ, कपाटावर. खोकी उघडायच्या आधी. डेनिशा बरं म्हणाली, आणि बसची वेळ झाली म्हणून निघाली.

घरात येऊन ब्रोन्यानं नळ सोडला, आणि तसाच बंद केला. धुवायचं, असं फेला म्हणाली होती. पण धुतला तर आहे तेवढाही विरघळून जाईल. हेही वचनातलंच होतं, आणि हेही पाळता येणार नव्हतं. तिनं कोरड्या पंच्यानं त्याची माती टिपली, हळू, तान्ह्या बाळाचं डोकं टिपावं तशी. समोरच्या खिडकीत फळी नव्हती. आरपार दिसत होतं, फेलाचं रिकामं स्वयंपाकघर, त्यापलीकडे पुढची खोली, त्यापलीकडे रस्ता, आणि रस्त्यापलीकडे ते पिवळं दार. एवढी वर्षं तिला कळलंच नव्हतं की या खिडकीत उभं राहिलं की फेलाचं घर आणि ते दार एका रेषेत येतात. घराकडे तोंड केलं तरी ते दार, नि रस्त्याकडे केलं तरी तेच. तिला यातून काहीतरी उमगल्यासारखं झालं, आणि काय ते धरायला गेली तर निसटलं.

तिनं काही खाल्लं नाही. नेमाप्रमाणे संध्याकाळपर्यंत पोट रिकामं ठेवायचं होतं, आणि पार्म्याला पोचेपर्यंत संध्याकाळ झालीच असती. उद्या सण म्हणून फेलाची लेक वाटाण्याचं सूप करेल, आत बोलावेल. फेला वर बघेल आणि विचारेल, विकलं गेलं का? ब्रोन्यानं डोक्याला रुमाल बांधताना आरशात त्याचं उत्तर शोधून पाहिलं. हो म्हटलं तर खोटं. नाही म्हटलं तर वचन मोडलं. तिनं पंच्यात गुंडाळलेला योसेफ पिशवीत ठेवला, मग काढला, पिशवीच्या तळाशी दुमडलेला स्वेटर घातला आणि त्यावर त्याला परत ठेवला, पाय खाली, डोकं वर, आणि पिशवी कुठे कलंडू नये म्हणून दोन्ही हातांनी छातीशी धरली. लव्हेलचा हातोडा चालू होता. ती बसच्या थांब्याकडे चालू लागली, आणि चालता चालता ओठांतल्या ओठांत म्हणून बघत होती, आधी एका तऱ्हेनं, मग दुसऱ्या, “आणलाय गं, फेला. झारा कोणत्या पेटीत आहे ते आपण बघू.”